रविवारचे गीत आणि तिकिटाचा मंच

दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस आणि मे महिन्याच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरात, घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानावर, एक मोठा संगीतमहोत्सव भरतो. एकाच वेळी अनेक मंचांवर गायन-वादन चाललेले असते. कुठे जॅझ, कुठे ब्लूज, तर कुठे लुइझियानाच्या खेड्यापाड्यांतील ॲकॉर्डियनवरचे लोकसंगीत. या गजबजाटात एक मांडव मात्र वेगळा असतो. त्याला 'गॉस्पेल तंबू' म्हणतात. शहरातील आणि आसपासच्या चर्चची गायनवृंदे तेथे एकामागून एक येतात व प्रभूची स्तुतिगीते गातात. मांडवाबाहेर खाद्यपदार्थांची आणि बिअरची दुकाने असतात. आत तिकीट काढून आलेला श्रोता हात उंचावून 'आलेलुया' म्हणत असतो.

हे दृश्य पाहून कुणाही भाविकाच्या मनात प्रश्न उभा राहील. प्रभूसाठी रचलेले गीत तिकीट लावून गावे काय? जे वेदीसमोर शोभते, ते करमणुकीच्या मंचावर नेल्याने मलिन होत नाही काय? हा प्रश्न गेली दीडशे वर्षे खुद्द ती गीते गाणाऱ्यांनाच छळत आला आहे. त्यांनी त्याला जी उत्तरे दिली, ती आपल्यासारख्या, गायनवृंद जपणाऱ्या धर्मग्रामांना जाणून घेण्याजोगी आहेत.

आरंभ रविवारपासूनच करावा लागेल. लुइझियाना ही त्या काळी फ्रान्सची वसाहत होती. १७२४ साली राजा पंधरावा लुई याच्या नावाने तेथे गुलामांविषयीचा कायदा लागू झाला. 'काळी संहिता' या नावाने तो ओळखला जातो. माणसाला जंगम मालमत्ता ठरवणारा आणि पळून जाणाऱ्याचे कान कापण्याची शिक्षा सांगणारा हा कायदा क्रूर होता, यात शंका नाही. त्याच कायद्यात असेही लिहिले होते, की मालकाने आपल्या गुलामांना कॅथलिक धर्माचे शिक्षण व स्नानसंस्कार द्यावा आणि रविवारी व सणाच्या दिवशी त्यांच्याकडून काम करून घेऊ नये. प्रभूच्या नावाने स्नानसंस्कार द्यायचा आणि त्याच हाताने बेडीही घालायची, ही विसंगती आपल्या धर्माच्या इतिहासातील एक डाग आहे. तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तथापि त्या रविवारच्या विश्रांतीने एक लहानशी फट उघडी ठेवली. गुलाम रविवारी दुपारी एकत्र जमू लागले. थोडाबहुत माल विकू लागले, ढोल वाजवू लागले, आपल्या पूर्वजांच्या भाषांत गाऊ व नाचू लागले. इंग्रजांच्या दक्षिण कॅरोलिना वसाहतीत १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगण्यास बंदी केली होती. न्यू ऑर्लीन्समध्ये ढोल वाजत राहिला. १८१७ साली शहराच्या सत्ताधाऱ्यांनी अशा मेळाव्यांसाठी एकच जागा नेमून दिली. तीच पुढे 'काँगो चौक' या नावाने प्रसिद्ध झाली. जॅझ संगीताच्या मुळांचा शोध घेणारे अभ्यासक आजही या चौकाशी येऊन थांबतात.

चौकापासून थोड्याच अंतरावर, त्रेमे वस्तीत, १८४२ साली संत ऑगस्टिनचे चर्च उघडले. तेव्हा चर्चमधील बाके भाड्याने घेण्याची रीत होती. मुक्त कृष्णवर्णीय कुटुंबांनी आपल्यासाठी बाके तर घेतलीच, शिवाय दोन्ही बाजूंच्या ओळींतील बाके गुलामांसाठी घेऊन ठेवली. ज्यांना स्वतःचे शरीरही स्वतःचे म्हणता येत नव्हते, त्यांना देवाच्या घरात बसण्यापुरती तरी जागा मिळाली. गीत रविवारी जन्मले ते असे, चौक आणि चर्च यांच्या मधल्या वाटेवर.

हे गीत तिकिटाच्या मंचावर पहिल्यांदा ठळकपणे आले ते मात्र न्यू ऑर्लीन्सपासून दूर, टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे. यादवी युद्ध संपून गुलामगिरी नष्ट झाल्यावर १८६६ साली तेथे मुक्त झालेल्यांसाठी फिस्क ही शाळा निघाली. पाच वर्षांत ती कर्जात बुडाली. शाळेचे खजिनदार व संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थी निवडले आणि ६ ऑक्टोबर १८७१ रोजी त्यांना घेऊन ते निधी गोळा करण्यास बाहेर पडले. त्यांतील बहुतेक जण गुलामगिरीत जन्मलेले होते.

आरंभी हे विद्यार्थी युरोपीय पद्धतीची गाणी गात. आईबापांनी शेतात आणि झोपडीत गायिलेली भक्तिगीते त्यांना अवगत होती, पण ती लोकांसमोर गाण्यास त्यांचे मन धजत नव्हते. एक तर ती गीते त्यांना पवित्र वाटत. दुसरे, त्यांत गुलामगिरीची लाज दडलेली होती. वृंदातील पियानोवादक एला शेपर्ड यांनी हा संकोच पुढे लिहून ठेवला आहे. अखेर हळूहळू त्यांनी तीच गीते मंचावर आणली आणि सभागृहे निःशब्द झाली. व्हाइट यांनी वृंदाला 'ज्युबिली गायक' हे नाव दिले. ते लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायातून घेतले होते, ज्यात पन्नासाव्या वर्षी दास मुक्त होतात.

या प्रवासात त्यांना अनेक ठिकाणी खाणावळीत जागा नाकारण्यात आली. खिशात पैसा नसतानाही शिकागोच्या भीषण आगीची वार्ता कळताच त्यांनी एका कार्यक्रमाचे सारे उत्पन्न जळितग्रस्तांना पाठवले. १८७३ साली इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीने त्यांचे गायन ऐकले. मिळालेल्या पैशातून फिस्कची 'ज्युबिली हॉल' ही भव्य इमारत उभी राहिली आणि १८७६ साली तिचे उद्घाटन झाले. ती आजही उभी आहे. तिकिटाच्या पैशाचे काय होते, या प्रश्नाला त्या गायकांनी विटांनी उत्तर दिले.

पुढचा संघर्ष चर्चच्या आतच झडला. बाप्टिस्ट उपदेशकाचे पुत्र थॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) तरुणपणी 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजवत आणि चावट गाण्यांच्या तबकड्याही काढत. मन पालटल्यावर त्यांनी ब्लूजच्या चालीत प्रभूची गीते बांधली. चर्चच्या अनेक पुढाऱ्यांना हे मुळीच रुचले नाही. दारूच्या गुत्त्यातली चाल व्यासपीठावर नको, असे त्यांचे म्हणणे. १९३२ साली डॉर्सी परगावी गेले असता त्यांच्या पत्नीचे बाळंतपणात निधन झाले, पाठोपाठ नवजात बाळही गेले. त्या दुःखातून त्यांनी जे गीत लिहिले, त्यात प्रभूकडे केवळ हात धरण्याची याचना आहे. ज्या चालीला लोक नाके मुरडत होते, तिच्याच आधाराने पुढे हजारो शोकाकुल कुटुंबे आपल्या माणसांना निरोप देऊ लागली. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीला हेच गीत गायिले गेले.

ते गाणाऱ्या महालिया जॅक्सन. १९११ साली न्यू ऑर्लीन्समध्ये त्यांचा जन्म झाला, वडील आठवड्यात बारीकसारीक कामे करणारे आणि रविवारी उपदेश देणारे. पैशाचे मोठे आमिष दाखवूनही त्यांनी ब्लूज गाण्यास आणि रात्रीच्या क्लबांत पाऊल टाकण्यास नकार दिला. पण मंचाला मात्र नकार दिला नाही. १९५० साली त्या न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायिल्या. १९५८ च्या जुलैत न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात त्यांचे गायन सुरू झाले तेव्हा शनिवारची मध्यरात्र उलटून रविवार लागला होता. जागा चर्चची नव्हती, वार मात्र प्रभूचा होता. कुठे गावे आणि कुठे गाऊ नये याची रेषा त्यांनी स्वतः आखली आणि अखेरपर्यंत पाळली.

महालियांनी चर्चचे गीत मंचावर नेले, तर ड्यूक एलिंग्टन यांनी मंचावरचा वाद्यवृंद चर्चमध्ये आणला. १६ सप्टेंबर १९६५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये त्यांनी आपली पहिली 'पवित्र संगीत' मैफल सादर केली. सर्वांना ते रुचले नाही. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनमधील बाप्टिस्ट उपदेशकांच्या संघटनेने त्यांच्या मैफलीला पाठिंबा नाकारला. क्लबांत वाजवणारा माणूस देवाचे गीत कसा वाजवणार, हा त्यामागचा रोख. एलिंग्टन थांबले नाहीत. तिसरी पवित्र मैफल त्यांनी १९७३ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये केली आणि पुढील वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्या पंथाच्या वाचकांना अधिक जवळची वाटेल ती मेरी लू विल्यम्स यांची कहाणी. जॅझ जगतातील अग्रगण्य पियानोवादक असलेल्या या बाईंनी १९५४ साली पॅरिसमध्ये वाजवणे एकाएकी सोडून दिले. मनाला शांती नव्हती. न्यूयॉर्कला परतल्यावर त्या तासन् तास चर्चमध्ये प्रार्थना करीत, व्यसनात बुडालेल्या वादकांना घरी आणून जेवू घालीत. १९५७ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. आता संगीताचे काय? त्यांना वाटे, प्रार्थना आणि पियानो यांतून एकच निवडले पाहिजे. आश्चर्य असे, की त्यांना पियानोकडे परत पाठवणाऱ्यांत धर्मगुरूही होते. वाजवणे हीच इतरांसाठी केलेली प्रार्थना होऊ शकते, असे त्यांनी समजावले. त्याच वर्षी त्या पुन्हा मंचावर बसल्या.

१९६२ साली पेरू देशातील कृष्णवर्णीय मातेचे पुत्र मार्टिन द पोरेस यांना संतपद मिळाले. मेरी लू यांनी त्यांच्यावर एक स्तोत्र रचले. पुढल्याच वर्षी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला, विशेषतः मिशन प्रदेशांत, उपासनेत यथोचित स्थान द्यावे असे सांगितले. पुढे व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाच्या सूचनेवरून मेरी लू यांनी जॅझमध्ये संपूर्ण मिस्सा बांधली. 'मेरी लूची मिस्सा' म्हणून ती ओळखली जाते. १९७५ च्या फेब्रुवारीत ती न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये झाली आणि पियानोवर स्वतः मेरी लू होत्या. ज्या वादिकेला वाटले होते की वेदीपाशी जायचे तर वाद्य दाराबाहेर ठेवावे लागेल, ती आता वाद्यासह वेदीपाशी बसली होती.

आता पुन्हा त्या महोत्सवाकडे येऊ. तो सुरू करावा असा विचार १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांतच झाला होता. परंतु गोऱ्या व काळ्या कलावंतांना एकत्र वाजवू वा राहू न देणारे कायदे आडवे आले. संयोजक जॉर्ज वीन हे गोरे, त्यांची पत्नी जॉइस कृष्णवर्णीय. वर्णभेदाचे कायदे गेले तेव्हा कुठे एप्रिल १९७० मध्ये पहिला महोत्सव भरला, आणि तोही काँगो चौकात! श्रोते जेमतेम ३५० होते; त्यांहून गाणारे-वाजवणारेच अधिक. मात्र आलेल्यांत एलिंग्टन होते आणि महालिया जॅक्सनही होत्या. चौकात एक बँडपथक मिरवत आले, वीन यांनी महालियांच्या हाती ध्वनिक्षेपक दिला आणि त्या पथकाबरोबर गाऊ लागल्या. जेथे गुलामांना केवळ रविवारी गाता येत होते, तेथेच त्या शहराची कन्या कुणाचीही परवानगी न घेता गात होती.

या गीताचा आपल्या भूमीशी संबंध नाही असे कुणी समजू नये. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, तेव्हा ते संगीत चटकन आत्मसात करणाऱ्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक आघाडीवर होते. गोव्यातील चर्चच्या शाळांत मेस्तांकडून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेली ती मुले पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा बनली. १९७१ साली महालियाही भारतात येऊन गायिल्या. आणि लोकांच्याच चालीत प्रभूचे चरित्र सांगण्याची गोष्ट तर आपल्याला फादर स्टीफन्स यांनी १६१६ सालीच, ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराणा'तून, शिकवली आहे.

मग आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर काय? इतिहास असे सांगतो, की मंचाने गीत विटाळले नाही. उलट अनेकदा चर्चने दार लावून घेतले तेव्हा मंचानेच ते सांभाळले. मात्र ते विनाअट नव्हते. फिस्कच्या मुलांनी मिळवलेल्या पैशातून शाळेची इमारत उभी राहिली. महालियांनी आपली रेषा ओलांडली नाही. मेरी लूंनी आधी गुडघे टेकले आणि मग बोटे पियानोवर ठेवली. आपल्या धर्मग्रामातील गायनवृंदाला उद्या कुणी मंचावर बोलावले, तर जागा कोणती हे विचारण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: हे गीत कुणाच्या अश्रूंतून आले याची आपल्याला जाण आहे काय, आणि ते गाऊन आपण कुणाच्या उपयोगी पडणार आहोत?

संत ऑगस्टिनच्या त्या चर्चमध्ये अलीकडच्या काळात, लुई आर्मस्ट्राँग यांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या ऑगस्टमधील उत्सवाच्या रविवारी, जॅझच्या सुरांत मिस्सा साजरी होत आली आहे. चर्चच्या भिंतीलगत २००४ साली अनाम गुलामाचे स्मारक उभारले गेले. मोठमोठ्या साखळ्यांचा तो एक क्रूस आहे, त्याला बेड्या लटकवलेल्या आहेत. आत गीत चालू असते, आणि गाणारे बाहेर पडतात ते त्या क्रूसावरूनच.