तलवारीची जंग, वस्तऱ्याचा ज़ंग

उर्दूत युद्धाला 'जंग' म्हणतात आणि लोखंडावरच्या गंजाला 'ज़ंग'. उच्चारात फरक एवढासाच, पण इतिहासात दोघांच्या वाट्याला आलेली जागा फार वेगळी. तलवारीच्या जंगांवर कपाटेच्या कपाटे भरली आहेत. फारसी 'उस्तुरा' मराठीत 'वस्तरा' झाला, त्या वस्तऱ्याच्या ज़ंगाशी पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या लढाईची नोंद मात्र क्वचितच सापडते.

ही लढाई लहान नव्हती. वस्तऱ्याचे पाते कडक, जास्त कार्बनच्या पोलादाचे असते. त्याला धार उत्तम लागते, पण ओलाव्यापुढे ते हतबल असते. साबणाचे पाणी आणि घामातले मीठ लागून राहिले की पाते वरून चकचकीत दिसते, तरी धारेवर बारीक खड्डे पडतात. मग दाढी होत नाही, गाल सोलतो. उर्दू वस्त्यांत ज्याला आदराने 'खलिफा' म्हणत, त्याची रोजी या केसाएवढ्या रेषेवर उभी होती.

म्हणून वस्तरा ठेवण्याचीही रीत होती. काम झाल्यावर पाते पुसायचे, मुठीच्या सांध्यातले पाणीही टिपायचे, कारण गंज तिथूनच सुरू होतो. पूर्ण सुकल्याशिवाय वस्तरा मिटायचा नाही. बरेच दिवस वापर नसेल तर तेलाचा पातळ हात फिरवायचा. खाद्यतेल कालांतराने चिकट होते. शिलाई मशीनचे तेल अधिक चांगले. चामड्याचा पट्टा धारेसाठी ठीक, पण चामड्याच्या म्यानात वस्तरा महिनोन्‌महिने ठेवू नये. चामडे हवेतला ओलावा धरून ठेवते. कोकणातल्या पावसाळ्यात तर एवढे करूनही मधूनमधून उघडून पाहावे लागते.

या प्रश्नाने मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही कामाला लावले. दक्षिण भारतातले 'वुट्झ' पोलाद इंग्लंडात पोहोचले, तेव्हा लंडनचा हत्यारे बनवणारा जेम्स स्टोडार्ट त्याच्या प्रेमात पडला. त्याने तरुण मायकेल फॅरेडेला सोबत घेतले. पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे धातू मिसळून दोघांनी प्रयोग केले आणि 1820 मध्ये ते प्रसिद्ध केले. अधिक चांगली धार आणि कमी गंज, हा त्यांचा शोध होता. फॅरेडेने आपल्या पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट दिले, पण न गंजणारे स्वस्त पोलाद काही हाती लागले नाही.

ते लागले 1913 मध्ये, शेफील्डला. हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून प्रयोग करत होता. सुमारे 12.8 टक्के क्रोमियम असलेले त्याचे पोलाद लिंबाच्या रसालाही दाद देईना. म्हणजे शोध चालला होता जंगेसाठी आणि उपाय सापडला ज़ंगावर!

त्याआधीच 1904 मध्ये किंग जिलेट यांना फेकून देण्याच्या ब्लेडचे अमेरिकन पेटंट मिळाले होते. त्या ब्लेडही गंजत, पण गंजले की टाकून द्यायचे. 1960 च्या दशकात स्टेनलेस ब्लेड सर्वत्र आल्या. पुढे रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीने केशकर्तनालयांतही दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड आले. हे योग्यच झाले. मात्र त्याबरोबर हत्यार सांभाळण्याचे ज्ञान कवडीमोल झाले.

आपण मुलांना इतिहास शिकवतो तो बनवणाऱ्यांचा आणि जिंकणाऱ्यांचा. सांभाळणाऱ्यांचा धडा पुस्तकात नसतो. वास्तविक त्यांनीही इतिहास घडवला आहे. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही, असे त्यांनी ठरवले. ज्या पात्यावर पोट चालत होते, ते एका अन्यायासाठी वापरायला त्यांनी नकार दिला. हत्याराला ज़ंग चढू न देणाऱ्या या माणसांनी आपल्या विवेकालाही तो चढू दिला नाही. राजांच्या तलवारींबरोबर त्या वस्तऱ्यांचीही गोष्ट मुलांना सांगायला हवी.