‘उत्तम मार्ग’ म्हणजे कोणता? : बॉर्डर गेटवे प्रोटोकॉलच्या उगमाविषयी

इंटरनेटवरील संदेश सर्वांत जवळच्या मार्गाने जातो, असा समज आपल्या विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो. १९६९ मध्ये सुरू झालेल्या आर्पानेटपुरता तो बहुतांशी खरा होता. त्या जाळ्याचा कारभार एकहाती असल्याने विलंबाचे एकच माप सर्वत्र लावता येई. कमी विलंबाचा मार्ग तो उत्तम.

पुढे निरनिराळ्या संस्थांची जाळी परस्परांस जोडली गेली. १९८२ मध्ये एरिक रोझेन यांनी मांडलेल्या एक्स्टीरियर गेटवे प्रोटोकॉलने मध्ये एक गाभा व त्याला फुटलेल्या शाखा, अशी वृक्षाकार रचना गृहीत धरली होती. शाखा आपापसांत जोडल्या जाऊ लागताच ते गृहीत ढासळले. जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथील सभेच्या वेळी कर्क लॉहीड व याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर, कागदी रुमालांवर, नवा आराखडा उतरविला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो प्रसिद्ध झाला.

मार्गाच्या वार्तेबरोबर ती ज्या जाळ्यांतून आली त्यांची यादीही पाठवावयाची, ही त्यातील मुख्य कल्पना. यादीत स्वतःचाच क्रमांक दिसला की तो मार्ग त्याज्य. त्यामुळे संदेश चक्रात सापडत नाही. परंतु माझ्या मते खरी क्रांती निराळीच होय. येथे सामाईक माप सोडून देण्यात आले. आज प्रचलित असलेल्या चौथ्या आवृत्तीत प्रथम पाहिली जाते ती जाळ्याच्या चालकाने ठरविलेली पसंती. यादीची लांबी त्यानंतर. ज्याच्याकडून पैसे मिळतात त्या ग्राहकाकडचा लांबचा मार्ग, ज्याला पैसे मोजावे लागतात त्याच्याकडच्या जवळच्या मार्गाहून सामान्यतः ‘उत्तम’ ठरतो. आणि लांबी तरी कसली? खंडभर पसरलेले जाळेही यादीत एकच गणले जाते!

सांगणारा खरे सांगतो की नाही, हे पडताळण्याची सोय मात्र मूळ रचनेत नव्हती. २४ फेब्रुवारी २००८ रोजी सरकारी आदेशानुसार यूट्यूब रोखण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने त्या संस्थेच्या पत्त्यांपैकी एका लहान गटाचा मार्ग स्वतःकडे असल्याची वार्ता काढली आणि ती देशाबाहेर पसरली. यूट्यूबची स्वतःची वार्ता अधिक मोठ्या गटाची होती. संदेश धाडताना लहान, नेमका गट नेहमीच वरचढ ठरतो. पसंतीचा प्रश्नच उद्भवला नाही. जगातील बराचसा ओघ दोन तासांहून अधिक काळ भलतीकडे वाहिला. सुमारे ऐंशी मिनिटांनी यूट्यूबने तेवढ्याच व नंतर त्याहूनही लहान गटांची वार्ता काढून आपलेच पत्ते परत मिळविण्यास आरंभ केला.