शेत आपलं, सारा सरकारचा
आमच्या कारवारकडे साऱ्याची पावती आली की आजोबा म्हणायचे, "शेत आपलं, सारा सरकारचा!" मला ती थट्टाच वाटे. पुढे कळलं, त्यामागे कोर्टाचा निकाल आहे. १८६२ साली उत्तर कानडा मुंबई इलाख्यात आला. मग नवी मोजणी झाली, सारा वाढला. वैकुंठ बापूजी सरकारविरुद्ध मुंबई हायकोर्टापर्यंत गेले. १८७५ साली सरन्यायाधीश वेस्ट्रॉप यांनी भलामोठा निकाल दिला: जमिनीचा मालक मूळवर्गदारच, पण सारा वाढवायचा हक्क सरकारचा. मालकी मिळाली, दावा गेला! वर सरकारनं १८७६त कायदा करून साऱ्याची भांडणं दिवाणी कोर्टाबाहेरच काढली. आजोबा मात्र प्रत्येक पावती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवत.