तळटीप : ‘नारू’

नारू म्हणजे पायावरच्या फोडातून बाहेर येणारा, काडीवर गुंडाळत रोज थोडाथोडा ओढून काढावा लागणारा दीड-दोन हात लांब जंत. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला. चाड देशात मात्र सुमारे दहा वर्षांच्या खंडानंतर २०१० मध्ये तो माणसांत पुन्हा सापडला आणि २०१२ पासून कुत्र्यांतही. कुत्र्यांतला जंत निराळ्या जातीचा असावा, ही शंका रास्त होती. पण जनुके ताडून पाहिल्यावर दोन्ही एकच ठरले. म्हणून पाणी गाळून प्यायले की पुरे, हे मूळ लेखकाचे म्हणणे आता अपुरे आहे. बाधित कुत्री पाण्यात उतरू नयेत म्हणून बांधून ठेवणे, कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून माशांची आतडी पुरणे हेही नारूनिर्मूलनच. संसर्ग कोणाकडून कोणाकडे गेला हे जनुकांच्या अशा तुलनेतून थेट कळत नाही, हा आक्षेप खरा. परंतु जंत एकच असताना कुत्र्यांना वगळून माणसांतला नारू संपणार नाही, एवढे त्यातून निश्चित होते.