महासंघाचा पाया

पूर्व पाकिस्तानातील दंगलींच्या पार्श्वभूमीवर १२ एप्रिल १९६४ रोजी राममनोहर लोहिया आणि दीनदयाळ उपाध्याय या भिन्न विचारसरणींच्या नेत्यांनी संयुक्त निवेदनाद्वारे भारत-पाकिस्तान महासंघाचा विचार मांडला. पुढच्याच वर्षी उभय देशांत युद्ध झाले. १९८५ मध्ये ढाक्यात सात राष्ट्रांनी ‘सार्क’ स्थापिली. तिच्या सनदेने द्विपक्षीय वाद चर्चेबाहेर ठेवले आणि निर्णयांना एकमताची अट घातली. २०१४ च्या काठमांडू बैठकीनंतर तिची शिखर परिषद भरलेली नाही. शासनांच्या स्वाक्षऱ्यांवर उभारलेला संघ शासनांच्या वैराने थांबतो. १९९५ मध्ये मात्र भारत-पाकिस्तानातील नागरिकच दिल्लीत अधिवेशनासाठी एकत्र आले होते. दुभंगलेली कुटुंबे आणि परक्या तुरुंगांत अडकणारे मच्छीमार ज्याची मागणी करतील, तोच महासंघ सीमेच्या दोन्ही बाजूंना आपला वाटेल.