पेटीतील दाब आणि इंजिनाचा उच्छ्वास

मोहोळ तालुक्यात सीनाकाठच्या विहिरींवर मोटेची जागा ज्या यंत्राने घेतली, ते लोकांच्या बोलीत नुसते ‘इंजिन’ होय. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने होऊ लागली, आणि १९४६ साली खडकीस किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली, हे सुपरिचित आहे. त्या इंजिनाच्या तळाच्या बंद पेटीचा, म्हणजे क्रँककेसचा, इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

रूडोल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्ख येथे जे इंजिन यशस्वीपणे चालविले, त्यात हा प्रश्नच नव्हता. त्याचा सांगाडा उघडा होता. दट्ट्याच्या रिंगांतून निसटलेला वायू कारखान्याच्या हवेत मिसळे. बंद पेटी आणि पंपाने वंगण ही पद्धत १८९०च्या सुमारास बेलिस व मॉर्कम यांच्या वाफेच्या इंजिनांनी रूढ केली होती. डिझेल इंजिनांनी ती पुढे उचलली. वंगण आत राहिले, तसा वायूही आतच राहिला.

किर्लोस्करांच्या ‘एव्ही-१’ या पाच अश्वशक्तीच्या इंजिनात हवा साडेसोळा पट दाबली जाते. इतक्या दाबापुढे कोणतीही रिंग पूर्णपणे टिकत नाही. शिवाय दट्ट्या एकच. तो खाली येताना पेटीतील ५५३ घनसेंटिमीटर हवा रेटतो, आणि मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या गतीने हे सेकंदाला पंचवीस वेळा घडते. यावरील उपाय साधा आहे. एक हलकी झडप दट्ट्या खाली येताना उघडते व वर जाताना मिटते. त्यामुळे पेटीत बाहेरच्यापेक्षा किंचित कमी दाब राहतो आणि तेल सांध्यांतून बाहेर पडत नाही. तिला ‘ब्रीदर’ म्हणतात. वस्तुतः ती श्वास घेत नाही, केवळ उच्छ्वास टाकते. नाव फसवे आहे.

मोठ्या इंजिनांत या पेटीने प्राणही घेतले. ‘रेना डेल पॅसिफिको’ या जहाजावर १९४७ साली बेलफास्टजवळ चाचणी चालू असता पेटीतील तेलाच्या वाफेचा स्फोट होऊन २८ माणसे दगावली. अशा इंजिनांना दाब सोडणाऱ्या सुरक्षा-झडपा बसविण्याच्या विचाराला त्यानंतर जोर आला.

विहिरीवरील इंजिनात धोका एवढा नाही, पण खर्च आहे. धूळ आणि काजळलेले तेल यांनी झडप चिकटली की दांड्याच्या टोकाशी तेल गळू लागते. मग सील बदलले जाते, आणि नवे सीलही गळते. दोष सीलाचा नसतोच! आधी ब्रीदर धुऊन पाहावा. तो स्वच्छ असूनही भपकारे येत राहिले, तर मात्र रिंगा गेल्या असे समजावे. तेल उडते म्हणून ब्रीदरलाच चिंधी बांधली, तर दाब दुसरी वाट काढतो, आणि कधी तेल मोजण्याची पट्टीच जागेवरून उचलली जाते.