पाठ बघणारे शिक्षक : जपानची दीडशे वर्षं

शिक्षकांनी एकमेकांचे तास बघायचे आणि मग बसून त्यावर बोलायचं, या जपानी पद्धतीला ‘जुग्यो केंक्यू’ म्हणतात. जुग्यो म्हणजे पाठ, केंक्यू म्हणजे अभ्यास. १९९९ साली स्टिग्लर आणि हिबर्ट यांचं ‘द टीचिंग गॅप’ हे पुस्तक आलं, आणि जपानबाहेरही तिचं कौतुक सुरू झालं. त्या कौतुकात एक गोष्ट सुटते. या पद्धतीचं मूळ सरकारी आहे.

१८७२ मध्ये मेजी सरकारने देशभर शाळा काढण्याचा हुकूम काढला. त्याआधी टेराकोयात, आपल्या पंतोजींच्या शाळेसारखंच म्हणा, प्रत्येक मूल आपापला धडा गिरवायचं. आता एका शिक्षकाने सबंध वर्गाला एकदम शिकवायचं होतं, आणि ते येत होतं कुणाला? म्हणून त्याच वर्षी टोकियोत नॉर्मल स्कूल निघालं. मेरियन स्कॉट हे अमेरिकन शिक्षक तिथे नवी रीत शिकवू लागले. एकाने पाठ घ्यायचा, इतरांनी बघायचा, मग टीका करायची, अशी प्रथा अशा नॉर्मल स्कुलांतून पसरली. हेतू सरळ होता: मान्य पद्धत सगळीकडे पोचवणं.

मग ती शिक्षकांची कधी झाली? एक तारीख सांगता येणार नाही. १९४७ चा अभ्यासक्रम ‘तात्पुरता मसुदा’ म्हणून आला आणि शाळांना हात मोकळे मिळाले. १९५८ मध्ये तो पुन्हा बंधनकारक झाला, तरी पाठ बघणं चालूच राहिलं.

माझ्या मते खरं कारण कामाच्या पद्धतीत आहे. आराखडा सगळे मिळून करतात. बघणारे भिंतीकडेला उभे राहून मुलांच्या वह्या बघतात. कोण कुठे अडलं, कुणी काय खोडलं. चर्चेत आधी शिकवणारा स्वतः बोलतो. पाठ फसला तरी तो एकट्याचा फसत नाही.

आपल्याकडे केंद्राच्या शिक्षण परिषदेत ‘आदर्श पाठ’ असतो. शब्दच बघा ना, आदर्श! त्यात चूक दाखवणार कोण? टाळ्या होतात, सह्या होतात, मग माहितीचे तक्ते. ‘वरून आलं म्हणून बिघडलं’ हे कारण मला पटत नाही; वरून तर तिकडेही आलं होतं. पुढच्या परिषदेत एखाद्या बाई म्हणाल्या, ‘मला न जमणारा पाठ घेते, तुम्ही बघा’, तर केंद्रप्रमुख हो म्हणतील का?